बोर्डाकडून हुकूम, ताकद बाहेरून: सर्वो आणि सेन्सरला वीज कशी द्यायची

दिवाळी आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. पोती, दगड, लाल माती, मोहरी पेरून आणलेली हिरवळ, वर सिंहासनावर महाराज. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी शहापुरात जो किल्ला केला, त्याचा महादरवाजा समोर माणूस आला की आपोआप उघडायचा. दोन फळ्या, दोन छोट्या सर्वो मोटारी (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या), अंतर मोजणारा एक सेन्सर आणि एक आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड. घरात टेबलावर लॅपटॉपला जोडून एकेक फळी हलवून पाहिली, तेव्हा सगळं नीट चाललं. वसुबारसेला किल्ल्यावर नेलं, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली, आणि चार-पाच वेळा उघडून दरवाजा थरथरायला लागला. मग बोर्ड सारखा रीसेट व्हायला लागला. पोरींना वाटलं प्रोग्राम चुकलाय. दोन तास त्या एकेक ओळ बदलत बसल्या. प्रोग्राम बरोबर होता. वीज कमी पडत होती.

मी उद्यमबागेत मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. आमच्याकडे मोटार आली की पहिला प्रश्न असतो: स्टार्टिंगला किती घेते? छोट्या सर्वोलाही हाच प्रश्न विचारायचा असतो, पण शिकणाऱ्या पोरांना तो कुणी सांगत नाही. मराठी शाळेतली मुलं इंग्रजी व्हिडिओ बघून जोडणी उतरवून घेतात, आणि त्या व्हिडिओत बहुतेक वेळा सर्वोची लाल वायर सरळ बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनला लावलेली असते. एका सर्वोवर ते चालून जातं. म्हणून ही माहिती सविस्तर आणि आपल्या भाषेत लिहितोय. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी हेच सामान वापरतात, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एवढं डोक्यात बसवा: सर्वोला बोर्डाकडून फक्त हुकूम द्यायचा. ताकद वेगळ्या ठिकाणाहून आणायची. आणि दोघांचं ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची मायनस बाजू, एक करायचं. पुढचं सगळं या तीन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे.

सर्वो सुरू होताना काय होतं

फिरणारी मोटार स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करत असते, त्यामुळे तिचा करंट आवाक्यात राहतो. थांबलेल्या मोटारीत हे उलट व्होल्टेज नसतं. मग करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स उरतो. शेतावर पाच एचपीचा पंप चालू केला की घरातला बल्ब क्षणभर मंद होतो ना, ते यामुळेच. मोटार लहान असली म्हणून नियम बदलत नाही.

निळ्या रंगाची, नऊ ग्रॅमची जी एसजी९० सर्वो सगळीकडे मिळते, तिचेच आकडे घ्या. नुसती उभी असताना ती साधारण १० मिलिअँप घेते. हलका भार घेऊन फिरताना १०० ते २५० मिलिअँप. आणि सुरू होण्याच्या क्षणी, किंवा फळी कुठे अडकली तर, ६५० ते ७०० मिलिअँपच्या आसपास जाते. म्हणजे तिच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स अंदाजे सात ओहम धरा. फळी उघडायला निघते तेव्हा दर वेळी काही मिलिसेकंद मोटार जाम असल्यासारखाच करंट ओढते. धातूच्या गिअरची एमजी९९६आर वापरत असाल तर ती जाम झाल्यावर ६ व्होल्टला अडीच अँपपर्यंत जाते. ती थेट बोर्डाला लावायचा विचारही करू नका.

आता बोर्डाची बाजू बघा. उनो आर३ च्या साध्या पिनमधून २० मिलिअँप घेणं सुरक्षित. ४० ही चिपची शेवटची मर्यादा आहे, तिथपर्यंत जायचं नसतं. नवीन उनो आर४ वर तर एका पिनमधून फक्त ८ मिलिअँप मिळतात, म्हणून जुन्या बोर्डावरची एलईडीची जोडणी तशीच उचलून तिथे लावू नका. पाच व्होल्ट लिहिलेली पिन वेगळी. यूएसबीवर बोर्ड चालू असेल तर तिथली वीज यूएसबीतूनच येते आणि वाटेत ५०० मिलिअँपचा स्वतः पूर्ववत होणारा फ्यूज आहे. दोन एसजी९० एकदम निघाल्या की १४०० मिलिअँप मागतात. फ्यूज लगेच तुटत नाही, पण व्होल्टेज खाली बसतं, चिपला वाटतं वीज गेली, आणि ती पहिल्यापासून सुरू होते. सुरू झाल्यावर प्रोग्राम सर्वोला पुन्हा हलवायला सांगतो. व्होल्टेज पुन्हा बसतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो थरथरणारा दरवाजा.

चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीचं काय झालं तेही सांगतो. तिच्या आत सहा अगदी लहान सेल एकापुढे एक असतात, आणि सगळ्यांचा मिळून आतला रेझिस्टन्स एक-दोन ओहम किंवा जास्तच भरतो. ती धुराच्या अलार्मसाठी, मीटरसाठी, म्हणजे थोडा थोडा करंट बरेच दिवस लागणाऱ्या वस्तूंसाठी आहे. शिवाय बोर्डावरचा रेग्युलेटर वरचं व्होल्टेज उष्णतेत घालवून पाच व्होल्ट देतो, त्यामुळे निम्मी वीज जवळपास तिथेच संपते. सर्वोसाठी ही बॅटरी घेऊच नका. दुकानदाराने क्लिपसकट हातात दिली तरी घेऊ नका.

पहिली पायरी: कागदावर हिशेब

वही घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा जास्तीत जास्त करंट लिहा. सर्वोसाठी जाम झाल्यावरचा आकडा धरायचा, फिरतानाचा नाही. आमच्या किल्ल्याचा हिशेब असा होता: दोन एसजी९० चे १४०० मिलिअँप. एचसी-एसआर०४ हा अंतराचा सेन्सर १५ मिलिअँप. बुरुजांवरच्या मशालींचे सहा एलईडी, प्रत्येकी १० प्रमाणे ६०. अंधार ओळखणारा एलडीआर आणि त्याचं छोटं बोर्ड, चार-पाच. उनो स्वतः साधारण ५०.

या यादीत रेघ ओढा. सर्वो रेघेच्या एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूची बेरीज १३० मिलिअँप आहे, ती बोर्ड आरामात उचलतो. पहिली बाजू बाहेरून द्यायची. सेन्सर बोर्डाकडून आणि मोटारी बाहेरून, हा निकाल जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असाच लागतो.

दुसरी पायरी: वीज कुठून आणायची

प्रोजेक्ट टेबलावर असेल आणि एक-दोन लहान सर्वो असतील तर मोबाईलचा ५ व्होल्ट २ अँपचा जुना चार्जर उत्तम. जुनी यूएसबी केबल कापा. आत लाल वायर प्लस आणि काळी मायनस असते. पण स्वस्त केबलमध्ये रंग उलटे किंवा भलतेच असू शकतात, म्हणून मल्टिमीटर (पुढे नुसतं मीटर म्हणतो) लावून पाहिल्याशिवाय जोडू नका. केबल मोठ्या चपट्या यूएसबी तोंडाची घ्या. दोन्ही टोकांना सी प्रकारचं तोंड असलेली केबल कापली तर चार्जर व्होल्टेज देतच नाही, कारण समोर फोन आहे की नाही हे तो आधी तपासतो. फास्ट चार्जर चालतो. फोनने मागितल्याशिवाय तो पाचच्या वर जात नाही.

पेन्सिल सेलचा चार खणांचा डबाही चालतो. नवीन अल्कलाइन सेल असतील तर सहा व्होल्ट मिळतात, रिचार्जेबल असतील तर ४.८. एसजी९० दोन्हींवर चालते. घड्याळात घालतो ते साधे स्वस्त सेल मात्र मोटारीखाली लवकर बसतात.

पॉवर बँक सोयीची वाटते, पण तिच्यात एक अडचण आहे. करंट फार कमी झाला की फोन भरला असं समजून ती बंद होते. उनो फक्त ५० मिलिअँप घेतो. दरवाजा पंधरा मिनिटं हलला नाही तर पॉवर बँक झोपी जाते आणि पुढचा पाहुणा बंद दारासमोर उभा राहतो. घरी वापरून बघायचं असेल तर अर्धा तास काहीही न हलवता ठेवून बघा, मगच भरवसा धरा.

किल्ल्यासाठी आम्ही वेगळा मार्ग घेतला आणि अंगणातल्या, शेतातल्या कुठल्याही प्रोजेक्टला मी हाच सुचवेन. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्ट १ अँपचा अडॅप्टर पडला होता. तो घरातच प्लगमध्ये लावला आणि बाहेर फक्त बारा व्होल्टच्या दोन वायरी नेल्या. ओल्या मातीशेजारी, पोरं अनवाणी फिरतात तिथे, २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड ठेवणं मला मान्य नाही. पावसाळा संपला तरी आपल्याकडे दिवाळीत एखादी सर येतेच.

बारा व्होल्टच का न्यायचे, घरातूनच पाच का नाही, याला कारण आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०३६ ओहम असते. घरापासून किल्ला दहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे ०.७ ओहम. पाच व्होल्टवर एक अँप गेला तर ०.७ व्होल्ट वाटेतच संपले आणि किल्ल्यावर ४.३ पोचले. तीच ताकद बारा व्होल्टवर नेली तर अर्धाच करंट लागतो, वाटेत ०.३५ व्होल्ट जातात, आणि शेवटी पाच करणाऱ्या मॉड्यूलला त्याने काही फरक पडत नाही. गावाबाहेरच्या मोठ्या टॉवरवरच्या तारांत व्होल्टेज एवढं चढवलेलं असतं ते याच हिशेबाने.

तिसरी पायरी: बक मॉड्यूल बसवणं

बारा व्होल्टचे पाच करायला बक कन्व्हर्टर लागतो. एलएम२५९६ चिपचं छोटं मॉड्यूल सगळ्यात सहज मिळतं. चिप तीन अँपची आहे, पण उष्णता घालवणारा धातूचा तुकडा, म्हणजे हिटसिंक, लावल्याशिवाय मी दोन अँपच्या पुढे नेत नाही. बाहेर हवं त्यापेक्षा आत दीड-दोन व्होल्ट तरी जास्त लागतात. पाच व्होल्टच्या चार्जरला बक लावून पाच निघणार नाहीत.

नवीन मॉड्यूल हातात आल्यावर त्याच्यावर आधी विश्वास ठेवायचा नाही. कारखान्यातून ते कितीही व्होल्टला लावलेलं असतं, कधी कधी थेट अकरा-बारावर. पुढचं काम याच क्रमाने करा:

१. मॉड्यूलच्या आउटला काहीही जोडू नका. इनला अडॅप्टरच्या वायरी लावा, प्लस-मायनस दोनदा बघा. उलटं लागलं तर चिप लगेच जाते.

२. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून आउटवर धरा.

३. मॉड्यूलवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा निळा चौकोनी भाग असतो, तो प्रीसेट. त्याचा पितळी स्क्रू बारीक पेचकसाने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पहिले बरेच फेरे काहीच होत नाही, आकडा हलत नाही. घाबरू नका, फिरवत राहा. मग एकदम आकडा उतरायला लागतो.

४. ५.१ वर थांबवा. स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे धक्क्याने फिरणार नाही.

५. आता अडॅप्टर काढा, आणि मगच सर्वोच्या वायरी आउटला लावा.

आम्ही दोन मॉड्यूल शेजारी शेजारी बसवली. एक सर्वोसाठी ५.१ व्होल्टला, दुसरं उनोच्या गोल जॅकसाठी ७.५ व्होल्टला. बारा व्होल्ट सरळ उनोत घातले असते तरी तो चालला असता, कारण त्याला ७ ते १२ चालतात; पण मग रेग्युलेटरला सात व्होल्ट जाळावे लागले असते. १३० मिलिअँपवर ते जवळजवळ एक वॅट होतं आणि चिपवर बोट ठेवलं की चटका जाणवतो. साडेसातला ती कोमट राहते. दुसरं मॉड्यूल नसेल तर बोर्डाला यूएसबीतून वेगळा मोबाईल चार्जर द्या, तेही तितकंच चांगलं.

अडॅप्टर पुरेल का? दोन सर्वो एकदम निघाल्या तर सात वॅट, मॉड्यूलमधलं नुकसान धरून पावणेनऊ, त्यात बोर्डाचा एक. दहाच्या आत. अडॅप्टर बारा वॅटचा. पुरतो, पण काठावर. म्हणून प्रोग्राममध्ये डावी फळी आधी आणि उजवी तिच्यानंतर थोड्या वेळाने हलवली, तीनशे मिलिसेकंदांच्या फरकाने. आता दोघींचा सुरुवातीचा झटका एका क्षणी येत नाही. दिसायलाही ते जास्त छान दिसतं, खऱ्या जड दरवाजासारखं.

चौथी पायरी: ग्राउंड

इथे जरा थांबा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

सर्वोला तीन वायरी असतात. तपकिरी म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे प्लस, नारिंगी म्हणजे हुकुमाची. नारिंगीतून दर वीस मिलिसेकंदांनी एक छोटा ठोका येतो. ठोका एक मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो एका टोकाला जाते, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. हा ठोका पाच व्होल्टचा आहे असं म्हणतो, पण पाच कशाच्या तुलनेत? बोर्डाच्या ग्राउंडच्या तुलनेत. सर्वोचं ग्राउंड वेगळं असेल तर तिच्या दृष्टीने त्या ठोक्याला अर्थच राहत नाही. ती हलत नाही, नाहीतर वेड्यासारखी इकडे-तिकडे जाते. बाहेरची वीज पहिल्यांदा वापरणारा जवळजवळ प्रत्येकजण ही एक वायर विसरतो. म्हणून बाहेरच्या विजेचं मायनस आणि बोर्डाचं ग्राउंड जोडायचंच.

प्लस मात्र जोडायचं नाही. बाहेरचे पाच व्होल्ट बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनला लावले आणि त्याच वेळी यूएसबी लॅपटॉपला असेल, तर दोन वीजपुरवठे एकमेकांत ढकलाढकली करतात आणि त्यात लॅपटॉपचं पोर्ट जाऊ शकतं.

आता पुढची, बारीक गोष्ट. ग्राउंड जोडलं तरी ते कुठे जोडलं याला महत्त्व आहे. खानापूरकडच्या एका मुलाने प्रदर्शनासाठी रोपवाटिकेचं मॉडेल केलं होतं. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, आणि ३२ अंशांच्या वर गेलं की सर्वो खिडकी उघडणार, खाली आलं की बंद करणार. खिडकी उघडली, तापमान उतरलं, बंद व्हायला निघाली, आणि अर्ध्यावरून परत उघडली. पुन्हा बंद, पुन्हा उघडी. तो बिचारा सेन्सर बदलून बदलून दमला होता.

मी मीटर लावला. त्याने सेन्सरचं ग्राउंड आणि सर्वोचं ग्राउंड ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीच्या) एकाच रांगेत घेतलं होतं आणि तिथून एकच बारीक वायर बोर्डाला गेली होती. सर्वोचा परतीचा सगळा करंट त्या वायरीतून. वायर आणि तिची दोन्ही टोकं मिळून ०.१ ओहम जरी धरलं, आणि त्यातून अर्धा अँप गेला, तर तिथे ५० मिलिव्होल्ट उभे राहतात. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे सर्वो हलली की बोर्डाला तापमान पाच अंश जास्त दिसायचं. ३१ चे ३६. खिडकी बंद होताना स्वतःच स्वतःला उघडायचा हुकूम देत होती.

उपाय पाच मिनिटांचा होता. सर्वोचं ग्राउंड जाड वायरीने सरळ विजेच्या मायनसला. बोर्डाचं ग्राउंड वेगळ्या वायरीने त्याच मायनसच्या टोकाला. सेन्सरचं ग्राउंड फक्त बोर्डाला. सगळी ग्राउंड एका बिंदूला मिळतात, पण मोटारीचा करंट सेन्सरच्या वाटेने जात नाही. पाण्याचं उदाहरण घ्या: मोठ्या ओढ्याच्या आणि छोट्या पाटाच्या वाटा वेगळ्या ठेवायच्या, त्यांना नदीवरच भेटू द्यायचं.

दोन बक मॉड्यूल एकाच अडॅप्टरवर असतील तर त्यांचं ग्राउंड आतून जोडलेलंच असतं, वेगळी वायर लागत नाही. तरी वीज बंद करून मीटरच्या बीपवर एकदा खात्री करून घ्या.

पाचवी पायरी: कंडेन्सर आणि वायरी

सर्वोच्या प्लस-मायनसवर, शक्य तितकं सर्वोजवळ, ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, लावा. १६ व्होल्टचा घ्या. त्याच्या अंगावर पांढरी पट्टी असते ती मायनसची बाजू; उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटू शकतो. सेन्सरच्या पायांजवळ १०४ छापलेला छोटा सिरॅमिक कंडेन्सर लावा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा. त्याला उलट-सुलट नसतं.

पण मोठा कंडेन्सर लावला की अशक्त वीजही चालेल, असं समजू नका. हिशेब करा: १००० मायक्रोफॅरडमधून एक अँप ओढला तर एका मिलिसेकंदात एक व्होल्ट उतरतो. सर्वोचा झटका त्याहून कितीतरी लांब असतो. कंडेन्सर पहिली धार बोथट करतो, पुढचा भार विजेलाच उचलावा लागतो.

मोटारीची वीज ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. त्याच्या आतल्या पातळ पट्ट्या आणि सुटे संपर्क एवढ्या करंटसाठी नाहीत, आणि पिनच्या त्या केसासारख्या वायरी तर मुळीच नाहीत. स्क्रूचं टर्मिनल घ्या, स्पीकरची किंवा जुन्या चार्जरची जाड वायर घ्या, टोकं सोल्डर करा. लांब ब्रेडबोर्डवर प्लस-मायनसच्या रांगा बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात, हेही लक्षात ठेवा. अर्ध्या सेन्सरना वीजच मिळत नाही आणि माणूस प्रोग्राम शोधत बसतो.

सेन्सरबद्दल थोडक्यात

बहुतेक सेन्सर फार कमी घेतात. तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजणारा डीएचटी११ दोन-अडीच मिलिअँप, एलडीआर त्याहून कमी. त्यांना बोर्डाच्या पाच व्होल्टवरून द्या. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून ५० मिलिअँपच मिळतात, आणि नॅनो या छोट्या आर्डुइनो बोर्डाच्या स्वस्त नकलांवर ती पिन यूएसबीच्या चिपमधून येते, तिथे त्याहूनही कमी.

एलएम३५ सारखा सेन्सर वापरताना अजून एक सापळा आहे. उनो पाच व्होल्ट ही आपली वीज धरूनच मोजमाप करतो. वीज ४.५ ला बसली की ३० अंशांचे ३३ दिसतात, सेन्सर मात्र खरंच सांगत असतो. त्यासाठी उनो आर३ च्या प्रोग्राममध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडा. तो विजेबरोबर हलत नाही, आणि ११० अंशांपर्यंत मोजता येतं, आपल्याला पुष्कळ.

मातीचा ओलावा मोजणारा दोन काट्यांचा सेन्सर सतत चालू ठेवू नका. ओल्या मातीतून करंट जात राहिला की काटे गंजून झडतात. त्याची प्लस एका साध्या पिनला लावा, मोजायच्या वेळी पिन चालू करा, मोजून झालं की बंद.

उनोऐवजी ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड घेतला असेल तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ ची इको पिन, म्हणजे मोजलेलं अंतर कळवणारी पिन, पाच व्होल्ट देते, ती थेट लावू नका. इकोपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि मधल्या जोडावरून ईएसपी३२ ला वायर. तिथे ३.३ मिळतात. वायफाय चालू असताना हा बोर्ड स्वतःच मोठे झटके ओढतो, म्हणून त्याच्या पिनांवरून सर्वोची वीज घेणं उनोपेक्षाही वाईट. एक बरं आहे: वीज बसली की तो सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत) ‘ब्राउनआउट’ असं स्वतःच लिहून सांगतो.

चालू करताना

एकदम सगळं जोडून बटण दाबू नका. आधी सर्वोशिवाय बोर्ड आणि सेन्सर चालवा, अंतराचे आकडे बघा. हाताचा तळवा वीस सेंटिमीटरवर धरला तर वीसच्या आसपास दिसलं पाहिजे. मग एक सर्वो, फळी न लावता. मीटर सर्वोच्या प्लस-मायनसवर ठेवा आणि ती हलवा. आकडा ४.८ च्या खाली जात असेल तर पुढे जाऊ नका; वायर, जोड किंवा अडॅप्टर कमी पडतोय. साधा मीटर फार छोटा झटका पकडू शकत नाही, म्हणून आकडा ठीक दिसूनही बोर्ड रीसेट होत असेल तर संशय विजेवरच ठेवा. एक सोपी खूण म्हणजे बोर्डावरचा छोटा दिवा: सर्वो निघताना तो लवला की समजायचं.

करंट मोजायचा असेल तर मीटरची लाल पिन दहा अँपच्या भोकात घालून मीटर वायरीच्या मध्ये घ्यावा लागतो. मोजून झाल्याबरोबर पिन परत व्होल्टच्या भोकात. विसरून तशीच अडॅप्टरवर व्होल्टेज बघायला लावली तर सरळ शॉर्ट होतं. कारखान्यात अनुभवी माणसांकडूनही हे घडलेलं मी पाहिलंय.

मग दुसरी सर्वो, मग फळ्या. फळी हाताने हलवून बघा, कुठे घासते का. घासणारी फळी म्हणजे सतत जाम असलेली मोटार. ती गरम होते, गुणगुणते आणि आतले प्लॅस्टिकचे दात झिजतात. बिजागरीत मातीचा कण अडकला तरी पुरे. प्रोग्राममध्ये शून्य आणि १८० अंश ही टोकं टाळा. बऱ्याच एसजी९० तिथे आतल्या अडथळ्याला टेकतात आणि ढकलत राहतात. दहा ते एकशे सत्तरमध्ये राहा. दरवाजा पूर्ण बंद झाल्यावर अर्ध्या सेकंदाने सर्वो डिटॅच केली, म्हणजे तिला हुकूम पाठवणं थांबवलं, तर गुणगुण थांबते आणि करंटही वाचतो. हलक्या फळ्या जागच्या जागी राहतात.

सगळं जमलं की एक तास तसंच चालू ठेवा आणि अधूनमधून बोट लावा: बकची चिप, उनोचा रेग्युलेटर, सर्वोचं अंग, टर्मिनलचे स्क्रू. बोट ठेवता येत नसेल एवढं काही तापलं तर बंद करून कारण शोधा. स्क्रूच तापत असेल तर तो जोड ढिला आहे.

किल्ल्यावर दोन्ही मॉड्यूल आणि बोर्ड आम्ही झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले, तळाशी दगड ठेवून मातीपासून वर, वायरी खालच्या बाजूने आत घेतल्या म्हणजे पाणी वायरीवरून डब्यात उतरत नाही. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते दहा दरवाजा चालला. रात्री बंद करताना आधी घरातला अडॅप्टर काढायचा, मग डबा उघडायचा, हा क्रम पोरींनी डब्याच्या झाकणावर स्केचपेनने लिहून ठेवला होता.